मार्चअखेरची फेड

किडन्या पाण्यानं गेल्या, असं मी भेटेल त्याला सांगत असे. ऐकणाऱ्याला लगेच पटायचं, कारण आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यावर ओलीत केलं की जमीन चोपण होते. मूतखड्याचे आणि किडनीचे रुग्ण गावोगाव. पाण्यावरचा आरोप खोटा नाही, पण मी त्याच्या आड लपलो होतो.

डॉक्टरांनी बीपीची गोळी कायमची लिहून दिली होती. डोकं दुखेना, चक्कर येईना, म्हणून मीच ती बंद केली. कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची. फवारणीच्या दिवसांत तर रोज. वाढलेलं बीपी किडनी आतून झिजवत राहतं आणि बराच काळ काहीच जाणवत नाही, हे क्रिएटिनिनचा आकडा हातात आल्यावर कळलं. तो रिपोर्टही मी बायकोपासून कपाशीच्या हिशेबाच्या वहीत दडवला आणि कुणीतरी सांगितलेल्या काढ्यावर वेळ घालवला.

डायलिसिस अकोल्यात सुरू झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसला, पण अक्कल कुठल्या योजनेत मिळते? नात्यातल्या लग्नासाठी एक पाळी चुकवली आणि वर मोर्शीची संत्री खाल्ली. संत्र्यात पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकेनाशी झाली की रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. रात्री धाप लागली, पहाटे गाडीत घालून न्यावं लागलं.

त्यानंतर मी वावर ठोक्यानं दिलं, बैलजोडी विकली, सगळी उसनवारी फेडली. लोक म्हणाले, माणूस व्यवहाराचा पक्का. मी मरणाची आवराआवर करत होतो.

शेजारच्या खाटेवर तेल्हाऱ्याकडचे एक भाऊ असत. चार तास मशीन चालायचं आणि तितका वेळ त्यांचा फोन: मजूर, बियाणं, वावरात ओल किती. एकदा मला म्हणाले, "तुमचा हरभरा कसा हाय?"

"आता काहाचा हरभरा, भाऊ."

"मंग घरी बसून करता काय?"

राग आला, कारण उत्तर नव्हतं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभारलं, तिथं कुष्ठरुग्णांच्या हातांना काम मिळालं, हे शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून मी पोरांना भाषणात सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नव्हतं.

ठोक्याची मुदत संपताच वावर परत घेतलं. डायलिसिसचे दिवस वगळून मजुरांना बोलावतो. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली, त्यावर अर्धा लिटर, एवढंच पाणी. बाटलीवर खुणा केल्यात. प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलं आहे. नंबर लागेल, नाही लागेल. बीपीची गोळी आता चुकत नाही आणि गावात कुणी ती सोडली असं कळलं, तर त्याच्या दारात जाऊन भांडतो.

यंदा सोसायटीचं पीककर्ज उचललं. फेड ३१ मार्चला. सही करून घरी आलो, तशी बायको म्हणाली, "कर्ज काढून इतका खुश झालेला मानूस म्या पायला नाई बाप्पा."