जोडी जमली पाहिजे

घरात रिकामं मडकं असेल तर आईला विचारून एक गंमत करा. मोबाईलवर गाणं लावून तो आधी नुसता टेबलावर ठेवा. मग तोच मोबाईल अलगद मडक्यात ठेवा. बघा, आवाज कसा भरदार होतो! मोबाईल तोच, गाणं तेच, आणि मडक्यात तर हवेशिवाय काहीच नाही. मग बदललं काय?

याचं उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. हिंगणघाटजवळच्या आमच्या खेड्यात, मी लहान असताना, बाबांनी एका बिघडलेल्या रेडिओतला स्पीकर काढून टेपरेकॉर्डरला जोडला होता आणि माठाच्या तोंडावर बसवला होता. सगळी गल्ली ऐकायला यायची. पण शिकलेली माणसं कधीकधी घरातलं शहाणपण विसरतात. माझं तसंच झालं.

माझ्या धाकट्या भावाने जुनी गाडी घेतली. तिच्यात सबवूफर बसवायचा त्याला भारी नाद. सबवूफर म्हणजे फक्त खर्जातला, ढोलासारखा आवाज देणारा स्पीकर. एका सेकंदात जितकी कंपनं, तितके हर्ट्झ. आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातले साधारण शंभराच्या आतले सबवूफरच्या वाट्याला येतात.

पैसे मी देणार होते, दिवाळीची भेट म्हणून. मी शिक्षिका ना! दुकानात ऐटीत म्हटलं, "ज्याच्यावर मोठा आकडा, तोच घे." खोक्यावर १००० वॅट लिहिलेला दहा इंची स्पीकर घेतला, एक अॅम्प्लिफायर घेतला. लाकडी पेटी मात्र घेतली नाही. रिकाम्या पेटीला कशाला पैसे घालवायचे? जाड वायर आणि फ्यूजही नको म्हटलं. तेवढेच चारशे रुपये वाचले!

भाऊबीजेला भाऊ मला न्यायला वर्ध्याला आला. माझी दोन्ही मुलं मागच्या सीटवर बसली. त्यांच्या मागे तो नवा स्पीकर मोकळाच ठेवलेला. गाणं सुरू झालं, पण ढोल काही वाजेना.

"ताई, आवाज काहून नाही येऊन रायला वं?" असं म्हणत भावाने आवाज वाढवला, आणखी वाढवला. थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास आला. पायाखालच्या चटईतून धुराची रेघ निघाली. भावाने गाडी थांबवली. मी मुलांना ओढून बाहेर काढलं, त्याने धावत जाऊन बॅटरीची वायर सोडवली. कोणालाही काही झालं नाही. पण धाकटी माझा पदर सोडेना, आणि मला आठवत होते ते वाचवलेले चारशे रुपये.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैल घेताना आपण उंची पायतो, चाल पायतो, जोडी जमते का नाही ते पायतो. आन् तुमी निस्ता आकडा पायला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बहीणभाऊ स्पीकर आणि अॅम्प्लिफायरसोबत आलेले कागद घेऊन बसलो. जे आधी करायचं ते नंतर केलं!

पहिली गोष्ट ताकदीची. १००० वॅट हा कमाल आकडा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आरएमएस २५० वॅट'. चिखलात रुतलेली बंडी बैल एका हिसड्यात बाहेर काढतो, ती झाली कमाल ताकद. दिवसभर नांगर ओढतो, ती आरएमएस. जोडी जमवायची ती आरएमएसची: स्पीकर २५० चा, तर अॅम्प्लिफायरही साधारण तेवढ्याचाच. आणि लहान अॅम्प्लिफायर घेऊन बटण पूर्ण पिळलं तर? तोही गळा फाडून ओरडतो, आवाज फाटतो आणि स्पीकरची गुंडाळी तापून जळू शकते.

दुसरी गोष्ट ओहमची. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. आमचा स्पीकर ४ ओहमचा. तसेच दोन समांतर जोडले तर अडथळा २ ओहम होतो. टाकीला एकाऐवजी दोन नळ लावले की पाणी दुप्पट वाहतं ना, तसंच. अॅम्प्लिफायरला २ ओहम झेपत असेल तरच तसं जोडायचं, नाहीतर तो तापतो.

तिसरी गोष्ट पेटीची. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच वेळी मागची विरळ होते. स्पीकर मोकळा असेल तर खर्जाच्या या पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना भेटून एकमेकींना पुसून टाकतात. म्हणूनच आमचा ढोल मुका झाला! बंद पेटी मागची लहर कोंडून ठेवते. शिवाय आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरते. म्हणजे पेटी रिकामी नसतेच, तिच्यातली हवा कामाला असते. पेटी किती मोठी हवी, याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं. पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं.

आमच्या कागदावर लिहिलं होतं, १ घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. आता गणित काढा. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३० उंच आणि २५ खोल पेटी केली तर ४० × ३० × २५ = ३०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ३० लिटर. स्पीकरच्या मागच्या भागाने दोनेक लिटर जागा खाल्ली की राहिले २८. जमलं! गावातल्या सुतारकाकांनी जाड लाकडाची पेटी केली आणि फटी नीट बुजवल्या.

राहिली वायर. २५० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर. अॅम्प्लिफायर तापतो, त्यात काही वीज जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. घरातल्या १००० वॅटच्या इस्त्रीला २३० व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर पुरतात. म्हणजे इस्त्रीच्या पाचपट प्रवाह आम्ही एका बारीक वायरीतून नेत होतो, तोही फ्यूजशिवाय! आता वायर जाड आहे आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज आहे. वायर जितका प्रवाह सहज झेपवते, त्याहून मोठा फ्यूज लावायचा नाही. हे काम मात्र तुम्ही स्वतः करू नका हं, जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

१९३७ साली आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा, 'नयी तालीम'चा विचार तिथे पुढे आला. डी.एड.ला मी यावर पानभर उत्तर लिहून गुण मिळवले होते. पण मोजून, हाताळून मगच ठरवायचं, हे मला शिकवलं जळक्या वायरीने.

आता भावाच्या गाडीत आवाज निम्माच असतो, तरी मृदंगाची थाप छातीत घुमते. शाळेजवळ तो गाणं बंद करतो. परवा बाबा गाडीत बसून भजन ऐकत होते. म्हणाले, "आता जमली जोडी."

त्या वितळलेल्या वायरीचा तुकडा माझ्या वर्गातल्या कपाटात आहे. मुलं विचारतात, "मॅडम, हे काय आहे?" मी सांगते, "ही माझी चूक आहे. बसा, सगळी गोष्ट सांगते."

तुमच्या घरातल्या स्पीकरवर कोणता आकडा लिहिलाय? मोठा वाचलात, आता बारीक अक्षरातला शोधा!