डॉक्टरांची गाडी

1. जुन्या गाड्यांच्या बाजारात उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची. सिंगल ओनर, घर ते दवाखाना.

2. मीटरवर 38,000 किलोमीटर. क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत.

3. नव्या गॅरेजमधला पहिला प्रश्न: ‘याआधी कुणाला दाखवली होती?’ उत्तर काहीही द्या, मान त्याच चालीने हलते.

4. फिटर शेजारी बसला की आवाज बंद. तो उतरला की सुरू.

5. फिटरने डिपस्टिक ओढली, तेल अंगठ्यावर चोळलं, माझ्यासमोर धरलं. दुधाळ, चहाच्या रंगाचं. ‘काका, कूलंट तेलात उतरलंय. हेड गॅस्केट गेलं.’ गॅस्केट तसं स्वस्त. पण त्यासाठी हेड उतरवायचं. उतरवलंच आहे तर फेसिंग करून घेऊ. व्हॉल्व्ह बघून घेऊ. बेल्टही टाकून घेऊ, परत कोण खोलणार? एवढं सगळं होईपर्यंत मी मान डोलावत होतो.

6. नाना पेठेतला दुकानदार: ‘ओरिजिनल देऊ, लोकल देऊ, की जुनाच देऊ?’ भाव तीन. गॅरंटी एकच, दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत.

7. विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही. अपघात बसतो, पण रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापून.

8. खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभं राहिलं की सल्लागार जमतात. ‘झाकण काढा, पाणी घाला.’ बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की उकळतं, तेही फिरवणाऱ्याच्या तोंडावर. थांबून राहणं हा या गाडीवरचा एकमेव फुकटचा इलाज.

9. बायको म्हणाली, ‘एवढ्या पैशांत रिक्षाने किती फिरलो असतो?’ कागद-पेन्सिल कुणीच आणली नाही.

10. बॅटरी नवी, क्लच प्लेट नवी, टायर नवे. आता विकायची म्हणजे नुकसानच.

11. नो क्लेम बोनस मालकाचा. गाडी विकली तरी त्याच्याकडेच राहतो. गाडीचे आजार गाडीबरोबर जातात.

12. सर्वोच्च न्यायालय, 2018: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. गाडी विकून पैसे खर्चही झालेले असोत.

13. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं. भंगारवाला मॉडेल विचारत नाही, वजन विचारतो.