दिल्ली किती मिनिटांवर?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीचे सरळ हवाई अंतर साधारण ११६० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला, तर भागाकार ८४ मिनिटांवर येतो. वेळापत्रक मात्र सव्वादोन तासांच्या आसपास सांगते. मधली पन्नासेक मिनिटे जातात कुठे? हवाई वाहतुकीचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे असे की, ती बहुतांशी जमिनीवर आणि जमिनीलगत खर्च होतात. विमान स्टँडवरून हलल्यापासून मुक्कामी चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ‘ब्लॉक टाइम’, आणि वेळापत्रकात छापला जातो तो हाच. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. सुमारे अडीच किलोमीटरच्या एकाच धावपट्टीवर सुखोईही उडतात आणि प्रवासी विमानेही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती दुरुस्तीला काढली, तेव्हा पुण्याची प्रवासी विमानसेवा दोन आठवडे बंद राहिली. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत. पण तिथे उतरायला विमानांची रांग लागते, वळसे घ्यावे लागतात आणि उतरल्यावर टर्मिनल गाठायलाही बराच वेळ जातो. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग साधारणतः २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, एवढाच ठेवावा लागतो.

यावर कोणी वाऱ्याकडे बोट दाखवील. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जेट प्रवाह वाहतो, हे खरेच. पण पुणे-दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने हा वारा मुख्यतः आडवा लागतो. नावाडी प्रवाहात नाव थोडी तिरकी धरतो, तसे विमानाला नाक पश्चिमेकडे वळवावे लागते आणि जाता-येता मिळून थोडा तोटा होतो. किती? वारा सगळ्या वाटेवर ताशी २०० किलोमीटर धरला, तरी एका खेपेला सरासरी जेमतेम अडीच मिनिटे. विमान दहा टक्के वेगवान केले, तरी आठ मिनिटांपेक्षा कमीच वाचतील. दुसरा आक्षेप असा की, वक्तशीर दिसण्यासाठी कंपन्या वेळ फुगवून सांगतात. तेही खरे, पण ही फुगवणूक लागते ती जमिनीवरच्या रांगेचा भरवसा नसतो म्हणूनच.

म्हणून पुण्याच्या हवाई प्रश्नाचा हिशेब घराच्या दारापासून मांडला पाहिजे. जुलै २०२४ मध्ये लोहगावचे नवे टर्मिनल सुरू झाले. प्रवाशांना ऐसपैस जागा मिळाली, धावपट्टी मात्र तीच. मेट्रो त्याच वर्षी मार्चमध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली, पण तिथून विमानतळापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून बस-रिक्षाच्या हवाली आहे. नियोजित पुरंदर विमानतळ हवाई दलाच्या वेळांपासून सुटका करील, हा त्याच्या बाजूचा वजनदार मुद्दा मला मान्य आहे. पण धावपट्टीवर वाचलेली वीस मिनिटे पुरंदरच्या वाटेवरील दिवे घाटाच्या कोंडीत गेली, तर कोथरूडच्या प्रवाशासाठी दिल्ली तसूभरही जवळ आलेली नसेल. त्यामुळे पुरंदरच्या आराखड्यात धावपट्टीइतकेच महत्त्व तिथे जाणाऱ्या रेल्वेला हवे, आणि दोन्हींची कामे एकाच मुदतीत बांधलेली हवीत.