चार मिलीमीटर

"बसेल हो, डोळे मिटून घेऊन जा." लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं सणकतं.

२०१२ सालची गोष्ट. धनकवडीत स्लॅबखालचं वन आरके, वडील आणि मी. रात्री थ्रीडी रेंडरिंगची कामं घ्यायचो. इंटेलचा आय५-२५००के होता. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, मी ४.५ वर चढवलेला. प्रोसेसरबरोबर आलेला छोटा कूलर त्या उष्णतेपुढे गिरणीसारखा घरघरायचा. वडील अंथरुणातून विचारायचे, "दळण संपलं का रे?"

मग महिनाभर मी कूलरचाच अभ्यास केला. पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, पण हवाही निम्मीच मिळते. म्हणून मोठा, संथ पंखा आणि पत्र्यांची उंच चवड हवी. १२० मिमीचा पंखा आणि तांब्याच्या चार नळ्या असलेला उभा कूलर नक्की केला. परदेशातले लोक चाचण्या घेतात त्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात घरात छत्तीस. वरचे चौदा-पंधरा अंश त्यांच्या आकड्यात सरळ मिळवायचे, हेही मी धरलं होतं. सगळं धरलं होतं म्हणा ना!

डेक्कन क्वीनने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. कॅबिनेटचं मॉडेल कागदावर लिहून नेलं होतं. कागद पुढे सरकवला, विचारलं, "यात बसेल ना?" त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. वर दिलंय ते वाक्य म्हणाला आणि अडीच हजार मोजून घेतले.

घरी येऊन मसूरडाळीएवढी पेस्ट लावली, स्क्रू आवळले, मशीन चालू केलं. आवाज जवळजवळ नाहीच! मग कॅबिनेटचं झाकण लावायला गेलो, तर ते नळ्यांच्या टोकांवर अडलं. शाळेतली पट्टी काढून मोजलं. कूलर १५९ मिमी, आत जागा १५५.

फोन केला. "झाकण उघडं ठेवा, उलट गार राहील." संताप याचा, की ते खरं होतं. तापमान तीन अंशांनी उतरलं. पण शांततेसाठी घेतलेल्या कूलरचा आवाज आता थेट खोलीत येत होता, आणि धूळ थेट आत जात होती.

पुढच्या शनिवारी पुन्हा मुंबई. त्याने बिल उलटं करून शिक्का दाखवला : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "आणि पेस्ट लागलीय." मी म्हटलं, तुम्हाला विचारूनच घेतला होता. तर म्हणाला, "खोक्यावर उंची छापलीय, वाचायची." छापली होती. बारीक अक्षरात, पण होती. महिनाभर जगभरचं वाचणाऱ्या मी खोकं वाचलं नव्हतं. पण मग काउंटरपलीकडे माणूस कशाला बसवतात? खोकंच ठेवा की! 'माहीत नाही, मोजून या' एवढं म्हटलं असतं तर त्याचं काय जात होतं? 'बसतो' म्हणायला माहिती लागते. 'बसेल' म्हणायला काहीच लागत नाही. भविष्यकाळात बोलणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नये, असं माझं मत तेव्हापासून झालं. घरून पट्टी घेऊन निघावं, हेही.

शेवटी झाकण काखेत मारून कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. मठारकाम करणारे एक वयस्कर काका म्हणाले, लोखंडाचा पत्रा आमचं काम नाही. तरी त्यांनी झाकण हातात घेतलं, मी खुणेने दाखवलेल्या जागी नख फिरवलं. "बसेल," म्हणाले. माझ्या कपाळावर आठी. त्यांनी अर्धा तास ठोकून पाच-सहा मिलीमीटरचा फुगवटा काढला. झाकण बसलं.

नंतर वेग ४.२ वर आणला, व्होल्टेज १.३५ वरून १.२५ केलं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे वेग गेला सातच टक्के आणि उष्णता पाचवा हिस्सा कमी झाली. हे आधीच केलं असतं तर कदाचित बुटका कूलरही पुरला असता. म्हणून काही मी त्या माणसाला माफ करत नाही.

त्या रात्री खोली एकदम चिडीचूप. वडील दोनदा उठून बसले. "बंद पडलं का रे?"

पुढच्या वर्षी रॅम घ्यायला गेलो तो त्याच दुकानात. तसा भाव दुसरीकडे नव्हता. विचारलं, "माझ्या बोर्डावर चालेल ना?" मान वर न करता म्हणाला, "चालेल हो."

चालली. ते तर जास्तच झोंबतं.