चार कोसांचा रंगमंच

विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून सांगलीचे नाव मराठी नाटकाशी जोडले गेले आणि पुढे तिला नाट्यपंढरी म्हणण्याचा प्रघात पडला. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात संगीतसभा भरते; सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये आरंभलेला संगीतोत्सव आजही रसिकांना खटाव तालुक्यातील त्या लहानशा गावी खेचून आणतो. या वैभवाला अट एकच होती, ती म्हणजे तेथे जाऊन बसता आले पाहिजे. ज्या वस्तीवर शेवटची एसटी दिवेलागणीलाच निघून जाते, जेथे धारा काढायच्या असतात आणि जेथे घरच्या सुनेने रात्री खेळाला जावे ही कल्पनाच कोणाला मानवत नाही, तेथे ती अट पाळणे बहुतेकांना अशक्य होते.

नभोवाणीचे मोल या अडचणीतून समजून घ्यावे लागते. माण तालुक्यातील एखाद्या वस्तीवर १९६३ मध्ये, म्हणजे आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले त्या वर्षी, सात-आठ वर्षांची असलेली मुलगी नजरेसमोर आणली, तर तिच्या आयुष्यासोबत या माध्यमाचाही प्रवास उलगडत जातो. तिच्या बालपणी रेडिओ ही घरातली नव्हे, गावातली वस्तू होती. सांगली केंद्राचे प्रसारण मध्यम लहरींवर, म्हणजे जमिनीलगत दूरवर पोहोचणाऱ्या लांब तरंगांवर होत असल्याने डोंगरांची ओळ ओलांडूनही तो आवाज पूर्वेच्या कोरड्या मुलखात येई. नाट्यपद कानावर पडे, पण ते ज्या पडद्यापुढे गायले गेले तो पडदा तिने कधी पाहिलेला नसे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चुलीपाशी, गोठ्यात, बांधावर गेला. ज्या लोकनाट्याच्या तंबूत बायकांनी जाणे गैर मानले जाई, त्यातील गण आणि बतावणी ती भाकऱ्या थापताना ऐकू शकली, ही गोष्ट कलेच्या इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही. ती ठळकपणे नोंदली जायला हवी.

या ऐकण्याला मात्र एकच दिशा होती. मैफल शहरात होई, आवाज गावाकडे येई, आणि गावाने उलट काही म्हणावे अशी सोय क्वचितच असे. दूरचित्रवाणीच्या काळात तर रेडिओचा संच फळीवरच धूळ खात राहिला. हे चित्र पालटण्यामागे एक न्यायनिर्णय आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना स्वतःचे केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. नफ्यासाठी नव्हे, तर एका मर्यादित परिसरातील लोकांनी आपल्याच लोकांसाठी चालवलेल्या अशा केंद्रास सामुदायिक रेडिओ म्हणतात. त्याची प्रसारणशक्ती साधारणतः शंभर वॅटची, आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने त्याचा आवाज दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे जुन्या हिशोबाने चार कोसांवर, विरून जातो. मध्ये डोंगर आला तर त्याआधीच.

सातारा जिल्ह्यात त्याच माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही वाहिनी २००८ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाली, तर सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील जालिहाळ येथून ‘येरळावाणी’ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बोलते. नाटक आणि मैफल यांची जेथे सर्वाधिक वानवा, त्याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ही केंद्रे उभी राहिली, याचे समाधान वाटते. आता मोबाइलला जोडलेल्या इअरफोनची तार अँटेनाचे काम करते, आणि सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या त्या बाईच्या कानात परकी नव्हे, तिच्या ओळखीची बोली पडते.

येथे एक शंका रास्त आहे. माणदेशातील धनगरांचे गजीनृत्य ढोल, कैताळ आणि सनई यांच्या साथीने रिंगणात फिरते, हातातील रुमाल एकाच वेळी उडतात. यातील काय ध्वनिक्षेपकात मावणार? ज्याने ते कधीच पाहिले नाही, त्याच्यापर्यंत ढोलाचा ठेका पोहोचेल, नाच पोहोचणार नाही. परंतु चार कोसांच्या आतल्या श्रोत्याने ते सिद्धनाथाच्या यात्रेत पाहिलेले असते, कदाचित त्याचा चुलता त्या रिंगणात नाचलेला असतो. कैताळाचा आवाज चढला की रिंगण कोठे वळले असेल हे त्याला न सांगता कळते. एकेकाळी सांगलीचे नाट्यपद ऐकताना त्या मुलीला जो पडदा कल्पनेने उभारावा लागला, तो या वेळी आठवणीतूनच उभा राहतो. आपल्या वस्तीची सुंबरान, म्हणजे धनगरी ओव्यांचे देवाच्या स्मरणाने आरंभ होणारे गायन, औंधच्या ख्यालाप्रमाणेच यंत्रातून ऐकू येते, तेव्हा ते गाणेही ऐकण्याच्या योग्यतेचे होते हे तिला प्रथमच दुसऱ्या कोणाकडून कळते.

चार कोसांच्या या मर्यादेला दुसरी बाजूही आहे. माणदेशातील मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात बिऱ्हाडासह बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पहिल्या काही मुक्कामांतच ते लहरींच्या टापूबाहेर जातात. ओवी गाणारा त्या वेळी परमुलखातल्या शेतात मेंढरे बसवून असतो, आणि त्याने आधी मुद्रित करून ठेवलेली ओवी म्हसवडच्या आसपास घरी राहिलेली म्हातारी माणसे संध्याकाळी ऐकत असतात.