माप, बाप, पाप

आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा: माप, बाप, पाप. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. समोरच्याचे ओठ वाचणाऱ्या माणसाला यातला नेमका कुठला, ते बाकीच्या वाक्यावरून ओळखावं लागतं. मी ऑफिसात रोज नऊ तास हेच करते.

मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालंय, त्यामुळे स, फ, थ वाटेतच गळतात आणि स्वर तेवढे पोचतात. कानातलं मशीन आवाज वाढवतं, पण त्यात एसीची घरघर आणि शेजारचा कीबोर्डही आला. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, असं सगळ्यांना वाटतं. त्यांना तरी काय बोलणार? पाच वर्षं मीच तसं भासवत आले. सगळे हसले की आपणही हसायचं. मीटिंग संपली की कुणाला तरी हळूच विचारायचं, "काय ठरलं रे?"

मग एका कॉलवर 'थर्टीन्थ' मला 'थर्टिएथ' ऐकू आलं. तेरा तारखेला क्लायंटसमोर माझी पाटी कोरी. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला: लक्ष देऊन ऐकत नाही. वाचून आधी हसू आलं. रडू घरी गेल्यावर आलं.

त्याच आठवड्यात एचआरला मेल लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'सॉरी' चार वेळा होतं. शेवटच्यात एकदाही नाही. मागण्या तीन. कॉलवर कॅप्शन चालू ठेवा. मीटिंगमध्ये जे ठरेल ते दोन ओळींत चॅटवर टाका. माझी खुर्ची भिंतीकडे पाठ येईल अशी ठेवा, म्हणजे येणारा माणूस मला दिसेल. खर्च शून्य रुपये.

"पण तू तर किती छान बोलतेस!" एचआर मॅडम म्हणाल्या. मग, "तुला दिलं तर सगळेच मागतील." आणि मग, "सर्टिफिकेटवर टक्के किती आहेत? चाळीसच्या वर?"

दहावीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझे टक्के विचारले होते. फरक एवढाच, की या वेळी कमी पडले तर मी पुरेशी बहिरी ठरणार नव्हते.

त्या रात्री फोनवर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वाचला. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. समान संधीचं धोरण खासगी कंपन्यांनाही जाहीर करावं लागतं. ४० टक्क्यांची अट आहे, पण ती सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारख्या गोष्टींसाठी. हातानं लिहिताना त्रास होणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हेच सांगितलं: लेखनिकासारखी सोय मिळायला ४० टक्के भरावे लागत नाहीत. सकाळी मी एवढंच मेलमध्ये लिहिलं आणि आमच्या कंपनीचं धोरण कुठे वाचायला मिळेल, असं विचारलं.

तीन आठवड्यांनी खुर्ची हलली. हलवायला पाच मिनिटं लागली.

कॅप्शन इंग्रजीवर लावलेत, त्यामुळे टीम लीड मराठीत घसरला की पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. चॅटवरच्या दोन ओळी मात्र आता सगळेच वाचतात. चेन्नईहून आलेला नवा मुलगा तर सर्वांत आधी. मराठी त्यालाही कळत नाही, आणि त्याला कुणी टक्के विचारले नाहीत.

अप्रेझलमधला शेरा तसाच आहे. तो काढून टाका, अशी मागणी करणारा मेल सध्या खर्ड्यात पडलाय.

काल जेवताना कुणीतरी जोक मारला. सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, "कळलं नाही, परत सांग." त्यानं माझ्याकडे तोंड करून परत सांगितला.

जोक काही फार बरा नव्हता.