लॅमिंग्टन रोडवरची एक खरेदी

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून गर्दीबरोबर थोडे चालले की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो. पाटीवर हे नाव असले तरी मुंबईकरांच्या तोंडी तो अजून लॅमिंग्टन रोडच आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. एके काळी हा रस्ता चित्रपटगृहांसाठी ओळखला जाई. ‘शोले’ पाच वर्षे चालला तो येथल्याच मिनर्व्हात. पुढे रेडिओच्या सुट्या भागांची जागा दूरचित्रवाणीच्या भागांनी घेतली आणि त्यांची जागा संगणकाने. माल बदलला, पण सुटा भाग हवा तर लॅमिंग्टन रोड गाठावा, हा लौकिक टिकून राहिला.

अशाच एका शनिवारी सांगलीचे हळदीचे एक अडते मुलीसह महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरले आणि दुकाने उघडण्याच्या सुमारास येथे पोहोचले. घरासाठी संगणक जुळवून घ्यायचा होता. मर्यादा ५५,००० रुपयांची. मुलीच्या हातातील चिठ्ठीवर भागांची नावे नव्हती, कामे लिहिली होती : तिचा सी.ए.चा अभ्यास, धाकट्याची शाळा, घरातील छायाचित्रे, अण्णा सांभाळत असलेला मंदिराच्या ट्रस्टचा हिशेब आणि आजीचा स्वाध्याय व प्रवचने.

दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट दाखवली. आत वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. चिठ्ठीत ना खेळ होते, ना चित्रफितींचे मोठे संपादन. तेव्हा तो खर्च प्रथमच गळाला. ग्राफिक्सची सोय अंगभूत असलेला सहा कोअरचा प्रोसेसर पुरेसा होता. येथे एका अक्षराकडे लक्ष द्यावे लागते. इंटेलच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ असेल तर त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो, पण वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटशी जुळणारा हवा. रॅमही बोर्डाला चालणारीच हवी. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला स्मृतीशी दोन वाटांनी देवाणघेवाण करता येते आणि अंगभूत ग्राफिक्सला त्याचा विशेष लाभ होतो. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी चालू कामासाठी आणि १ टीबीची हार्ड डिस्क छायाचित्रे व हिशेबाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी. पॉवर सप्लायकडे गिऱ्हाईक सहसा पाहतही नाही. पण हलका पॉवर सप्लाय बिघडला तर इतर भागांनाही घेऊन जातो. म्हणून तो नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॅटचा घेतला. वीज गेली तर काम जतन करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून यूपीएस. आजीला अक्षरे ठळक दिसावीत म्हणून २७ इंची मॉनिटर.

बेरीज झाली ५०,०००.

‘‘शेठ, बिल हवं असेल तर अठरा टक्के वर. घरच्यासाठीच आहे ना?’’ दुकानदार सहज म्हणाला.

अठरा टक्के म्हणजे ९,०००. पेढीसाठीची खरेदी असती तर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळाले असते. घरच्या वस्तूवर ते मिळत नाही. शिवाय ५९,००० मर्यादेत बसत नव्हते.

‘‘अण्णा, मग आजीचा मॉनिटर लहान घ्यावा लागेल,’’ मुलगी हळूच म्हणाली.

अण्णा क्षणभर थांबले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोट्या मापाचा त्यात समावेश आहे, आणि अडत्याला तो नेहमीच आठवतो. परंतु राज्याचे नियम मोडून केलेला व्यवहारही त्याच पाचांत आहे. विकताना काटा जपणाऱ्याला, आपण गिऱ्हाईक म्हणून उभे असताना हे व्रत सहसा आठवत नाही. आणि याच संगणकावर मंदिराचा हिशेब लिहायचा होता.

‘‘बिल करा,’’ ते म्हणाले. ‘‘मॉनिटर २४ इंची द्या.’’

मॉनिटर बदलताच बेरीज ४६,५०० वर आली, करासह ५४,८७०. दुकानदाराने वाद घातला नाही. बिलावर त्याने प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिला. प्रोसेसरच्या खोक्याचे सील मुलीने स्वतः तपासले. खोकाबंद प्रोसेसरवर निर्मात्याची तीन वर्षांची हमी असते. पुढे कधी ती मागण्याची वेळ आली, तर हाच कागद हाती असणार होता.

जुळणी आणि चाचणी होईपर्यंत दुपार कलली. सूर्यास्तापूर्वी जवळच भोजन उरकून दोघांनी खोकी टॅक्सीत चढवली आणि रात्रीची महालक्ष्मी गाठली.

सांगलीत दुसऱ्या दिवशी मुलीने आजीसाठी पडद्यावरील अक्षर मोठे करून दिले. आजीने चष्मा सारखा केला आणि एक ओळ वाचून पाहिली. मॉनिटर आधी किती मोठा ठरला होता, हे तिला कोणी सांगितले नाही. बिल मात्र अण्णांनी मंदिराच्या वह्यांच्या कपाटात जपून ठेवले.